घरच्या कुत्र्यावर हॅलोवीनचं चित्रपुस्तक: गोष्ट, चित्रं आणि छपाई

प्रश्न: मुलगी पाच वर्षांची, मोठ्या शिशुवर्गात आहे. घरी भज्या नावाचा गावठी कुत्रा आहे. आमच्याकडे, नाशिकला गंगापूर रोडच्या सोसायटीत, ३१ ऑक्टोबरला मुलं हॅलोवीन करतात. कुत्र्याचं हॅलोवीनचं एक इंग्रजी चित्रपुस्तक तिला फार आवडलं, आता भज्याचं तसंच मराठीत हवं आहे. चित्रं मी काढू शकते. वर्गात वाटायला ५० प्रती छापायच्या आहेत. भज्याच्या आठवडाभराच्या गमती आणि हॅलोवीनची रात्र असं दोन्ही त्यात हवं आहे, पण ते एकत्र बसत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

ते बसत नाही, कारण तुम्ही त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडताय. आधी सोमवार ते शुक्रवार भज्याच्या गमती आणि मग एकदम भुतं, असं केलं की पहिला अर्धा भाग यादी होतो आणि दुसरा अर्धा कुठल्याही कुत्र्याचा चालतो. शनिवारच्या, म्हणजे हॅलोवीनच्या, रात्रीची अडचण आठवड्यातल्या बारीकसारीक आनंदांनीच सुटली पाहिजे. कुत्र्याच्या बाबतीत हे सोपं आहे. त्याला वार कळतात ते वासाने आणि आवाजाने. हॅलोवीन त्याच्या गावीही नसतं.

मुलांच्या अनोळखी सणात त्यांच्या ओळखीचं भूत घालायचं असेल तर चकवा घ्या. हडळ आणि मुंजा नकोत. ही नावं बऱ्याच घरांत धाक दाखवायला वापरली जातात आणि पाच वर्षांच्या मुलाला ती रात्री आठवतात. चकवा दिसत नाही, कुणाला धरत नाही, नुसता वाट चुकवतो. त्याच गल्लीत, त्याच फाटकापाशी पुन्हा पुन्हा आणतो. चित्रपुस्तकाला याहून सोयीचं भूत नाही, कारण पान उलटलं की तेच फाटक पुन्हा दिसतं आणि मूल मोठ्यांच्या आधी ओरडतं. डोळ्यांना चकवा लागतो, नाकाला लागत नाही. इथे भज्याचं काम सुरू होतं: शनिवारी रात्री वाट चुकलेल्या मुलांना तो आठवडाभराच्या वासांवरून घरी आणतो.

आता पानं मोजा. मधल्या पिनेच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच लागतात. बाजारातली चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, पण घरगुती कामाला २४ पुरेत. पान १ उजव्या हाताला एकटं येतं, पान २४ डाव्या हाताला एकटं. मध्ये ११ जोडपानं उरतात. सात वारांना सारखी जागा देऊ नका, पुस्तक कॅलेंडरसारखं होईल. माझी वाटणी अशी: पान १ नावाचं. २-३ वर सोमवार आणि मंगळवार मिळून, छोट्या चौकटींत. त्यातला सोमवार इस्त्रीवाल्या काकांच्या गरम कपड्यांच्या वासाचा. ४ ते ७ अशी चार पानं बुधवारच्या बाजाराला. ८-९ गुरुवार, दत्ताचं देऊळ. १०-११ शुक्रवार, एकीकडे फुटाण्यांचा पुडा आणि दुसरीकडे घरभर पसरलेली वेशभूषेची तयारी. १२-१३ वर शनिवारची संध्याकाळ, पूर्ण गल्ली एका चित्रात. १४ ते १९ चकवा. २०-२१ घर. २२-२३ रविवारची मिसळ. पान २४ वर एकही शब्द नको, फक्त झोपलेला भज्या.

गल्लीचं चित्र १२-१३ वरच का, याला छपाईचं कारण आहे. २४ पानांच्या पुस्तकात ही मधली जोडीच एका सलग कागदावर येते. बाकी प्रत्येक जोडपानाचे दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि घडी घालताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होतात. त्यामुळे इतर पानांवर भज्याचं तोंड किंवा माणसाचा चेहरा घडीवर आणू नका. शेपूट चालेल.

बाजाराला चार पानं दिली, कारण तिथे माल भरपूर आहे. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे दीड-पावणेदोन फुटांवरून काढा. माणसांचे फक्त पाय, पोत्यांची तोंडं, तराजूच्या पारड्याचा तळ, कोबीच्या पानांचा ढीग. मागे दुतोंड्या मारुती दिसला की नाशिकचं मूल बोट ठेवणारच. पुराची पातळी ज्याच्या अंगावर मोजतात तो मारुती ऑक्टोबरअखेर कोरडा उभा दाखवा. याच चित्रात शनिवारची किल्ली लपवायची आहे: पिशवीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून मेथीच्या काड्या पडताहेत. मजकुरात मेथीचा उल्लेखही नको. पुढच्या पानावर पिशवी सोसायटीच्या गल्लीतून घरी जाते आणि काड्या फाटकापासून जिन्यापर्यंत पडतात. शनिवारी रात्री त्या सुकलेल्या काड्या भज्याच्या नाकाला सापडतात. ज्या मुलाने त्या आधीच पाहिल्यात ते जागेवरून उठतं.

गुरुवारचंही तसंच. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, ते चार वेदांचं रूप मानतात. आत तसबिरीतले चार कुत्रे आणि बाहेर पायरीवर पाचवा भज्या, हे चित्र स्वतःच बोलतं. तिथून उदबत्तीचा वास घ्या. मात्र गोदाकाठचं एकमुखी दत्ताचं देऊळ काढलंत तर तो वास गंगापूर रोडच्या गल्लीत येणार नाही, म्हणून सोसायटीजवळचं एखादं छोटं देऊळ धरा. इस्त्रीचं दुकान, देऊळ, फुटाणेवाल्याची गाडी आणि मेथीच्या काड्या, असे चार वास घराच्या वाटेवर लागले पाहिजेत. चित्रं काढण्याआधी गल्लीचा नकाशा करा आणि ही ठिकाणं त्यावर पक्की करा. घराकडे जाताना दुकान डावीकडे असेल तर शेवटपर्यंत डावीकडेच. मुलं ही चूक पहिल्याच वाचनात पकडतात.

मजकूर २५० ते ३५० शब्दांच्या वर नको. इंग्रजी पुस्तकाचे शब्द मोजून तेवढेच मराठीत लिहू नका. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तीच गोष्ट कमी शब्दांत येते आणि शब्द लांब होतात. चित्रात दिसतं ते लिहायचं नाही. ‘भज्या शेपूट हलवत फाटकाजवळ बसला होता’ हे सगळं चित्रात आहे. तिथे एवढंच पुरे: ‘आज बुधवार. भज्याला न सांगता कळलं.’ पालुपद एकच ठेवा, उदाहरणार्थ ‘सूं सूं... आला वास!’ ते आठवड्यात चार वेळा येऊ द्या. चकव्याच्या पहिल्या फाटकापाशी ते मोडा: ‘सूं सूं...’ आणि पुढे काहीच नाही, पान उलटायचं. भीती एवढीच, तीही एका पानापुरती. आवाजांसाठी मराठीसारखी चैन नाही: दोरीवरच्या चादरीची फडफड, चपलांची फटकफटक, भोपळा गडगडत जाणं. दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर हेच आपल्याकडचं खात्रीचं भूत. वीज गेली की ती एकदाच हलवा.

सणाची माहिती गोष्टीत कोंबू नका, मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चार ओळी पुरेत. हॅलोवीन म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र. त्याची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या प्रथांत आहेत. मेलेले त्या रात्री परत येतात असं मानत. तिकडे सलगमसारखे कंद कोरून दिवे करत, आणि तिथली माणसं अमेरिकेत गेल्यावर त्या जागी भोपळा आला. आपल्या पितृपक्षात कावळ्याबरोबर कुत्र्याचंही पान काढतात, त्याला श्वानबळी म्हणतात. ते एका वाक्यात जोडून दिलंत तर आजीलाही पुस्तक वाचून दाखवायला बरं वाटेल. पुस्तकात साल छापू नका. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारीच येतो, त्यामुळे यंदाचा हिशेब जुळतो (त्याच दिवशी रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण ठरलेलं आहे, तेव्हा घाटावरची रेखाटनं आधीच उरका). पण दिवाळी कधी आधी येते कधी नंतर. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. म्हणून गल्लीत दोन-चार आकाशकंदील लटकू द्या, ते दोन्ही बाजूंनी खपतात.

ऋतूच्या चुका टाळा. नाशिक म्हटलं की हात आपोआप द्राक्षांचे घड काढतो. ऑक्टोबरअखेर बागांत घड लटकत नसतात. तेव्हा गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची छाटणी) होऊन नुकते कोंब फुटत असतात, द्राक्षं जानेवारीपासून पुढे. काही काढायचंच असेल तर टोमॅटोचे क्रेट आणि झेंडू काढा. हॅलोवीनचा नारिंगी रंग आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या झेंडूत आहेच, तो परदेशी भोपळ्यातून उसना आणायला नको. भोपळा हवाच तर आपला डांगर काढा: चपटा, खोल खाचांचा, तपकिरी-हिरवट. त्याचा गर जाड आणि घट्ट असतो, म्हणून मुलांना खरा कोरायला देऊ नका. मोठ्या माणसाने झाकण आतल्या बाजूला तिरकं कापावं, सरळ कापलं तर ते आत पडतं. भिंत आतून खरवडून दोन-अडीच सेंटिमीटरवर आणावी आणि आत पणतीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. सूर्य त्या सुमारास सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा १२-१३ वरचं आकाश पूर्ण काळं नको, जांभळट निळं हवं. आकाशात पूर्ण चंद्र दाखवलात तर संध्याकाळी तो पूर्वेला, घरांच्या वर थोडासाच आलेला हवा.

आता भज्या. पहिलं चित्र काढण्याआधी एका कागदावर त्याची सहा रूपं काढा: डावीकडून, उजवीकडून, समोरून, मागून, बसलेला, झोपलेला. कुठला ठिपका कुठल्या अंगाला आहे ते लिहून ठेवा. घरच्या कुत्र्याच्या पुस्तकात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: चित्र आडवं उलटवलं की डाव्या कानाचा ठिपका उजवीकडे जातो. गावठी कुत्र्याची शेपूट वर वळलेली, छाती खोल, पोट आत, पाय लांब. गोंडस करण्याच्या नादात पाय आखूड केलेत तर तो भज्या राहत नाही.

भाव डोळ्यांपेक्षा कानांत आणि शेपटीत दाखवा. कान मागे चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, जीभ नाकावर फिरतेय, जांभई: कुत्रा घाबरला किंवा वैतागला की असा दिसतो. वेशभूषा घातलेल्या कुत्र्यांच्या फोटोंवरून काढलेल्या चित्रांत नेमकं हेच उतरतं आणि खाली ‘आनंदी भज्या’ लिहिलेलं असतं. माझं स्पष्ट मत: भज्याला काही घालूच नका. सगळी मुलं राक्षस, चेटकीण, सांगाडा झालेली असताना वॉचमन काका भज्याकडे बघून म्हणतात, ‘वा! हुबेहूब कुत्रा झालायस!’ एवढा एक विनोद पुस्तकाला पुरतो. प्रत्यक्षात काही बांधायचंच झालं तर गळ्याभोवती एक रुमाल, दोन बोटं सहज जातील इतका सैल. डोळे, तोंड, कान मोकळे हवेत. पाच-दहा मिनिटांत फोटो काढून सोडून द्या.

एक पान कुत्र्याच्या नजरेतून काढायला छान आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग कळतो. लाल, नारिंगी, हिरवा त्याला पिवळट-तपकिरी छटांत दिसतात. चकव्यातलं एक जोडपान फक्त पिवळा, निळा आणि राखाडी या रंगांत केलंत तर झेंडू आणि भोपळे एकदम फिके पडतात आणि नाक पुढे येतं. मजकुरात त्याचं कारण सांगायची गरज नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र पुस्तकाने चूक शिकवता कामा नये. गोळा केलेल्या गोळ्या-चॉकलेटांतलं काही भज्याला मिळताना दाखवू नका. चॉकलेटातलं थिओब्रोमिन कुत्र्याला बाधतं, गडद चॉकलेट जास्त. बिनसाखरेच्या च्युइंगममधला झायलिटॉल त्याहून वाईट. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, हे आपल्या जिल्ह्यात तर प्रत्येक घरात माहीत असायला हवं. कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणून रविवारच्या मिसळीचा रस्साही नको. भज्याच्या वाट्याला कोरड्या पावाचा तुकडा दाखवा. त्याच्या आठवड्यातला सगळ्यात मोठा आनंद एवढासाच असतो आणि २२-२३ वर तो पूर्ण पानभर काढायला हरकत नाही.

छपाईचा आकार साडेआठ इंच चौरस घ्या. उघडं जोडपान १७ बाय साडेआठ होतं आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापात जाणारी जास्तीची रंगीत कड) धरूनही बारा बाय अठरा इंची डिजिटल शीटवर बसतं. एका शीटवर पाठपोठ चार पानं, म्हणजे आतल्या २४ पानांना सहा शीट आणि मुखपृष्ठाला एक. ५० प्रतींना ३५० शीट. घडी आणि कटिंगमध्ये खराब होणाऱ्या धरून ५५ प्रती सांगा. दर विचारताना ‘एक पुस्तक कितीला’ असं न विचारता बारा-अठरा पाठपोठ रंगीत शीटचा, लॅमिनेशनचा आणि बाइंडिंगचा दर वेगवेगळा विचारा, तरच दोन ठिकाणांची तुलना होते. ५० प्रतींना ऑफसेट परवडत नाही, प्लेटांचाच खर्च पुस्तकांवर चढतो. नोटा आणि स्टॅम्प छापणाऱ्या गावात हे सांगावं लागू नये, पण विचारलं जातं.

आत १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) मॅट आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० आणि त्यावर मॅट लॅमिनेशन. चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड पडला की रात्रीची चित्रं दिसत नाहीत, आणि हे पुस्तक वाचलं जाणार झोपतानाच. मुखपृष्ठाला घडीआधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, करायला सांगाच. न केल्यास गडद रंग घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ उठते. चित्रं छपाईच्या आकाराच्या सव्वापट काढा आणि छपाईच्या आकाराला किमान ३०० डीपीआय भरतील अशी स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढू नका, एका कोपऱ्यात सावली येतेच. स्कॅनर ए४ असेल तर तुकड्यातुकड्यांत, शेजारच्या दोन तुकड्यांत थोडा भाग सारखा येईल असं स्कॅन करून जोडा.

रंगांची निराशा इथे ठरलेली असते. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी कागदावर मातकट होतो, जांभळा काळपट. म्हणून फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत (सी निळा, एम गुलाबी, वाय पिवळा, के काळा), ठेवा. झेंडूच्या नारिंगीसाठी सी ०, एम ५५, वाय १००, के ० इथून सुरुवात करा. त्यात निळ्याचा अंशही आला की तो मळतो. रात्रीसाठी नुसता काळा भरू नका, डिजिटल मशीनवर मोठ्या काळ्या भागात पट्टे दिसतात. सी १००, एम ८५, वाय ३०, के ४० असा गडद निळा बरा पडतो, चारींची बेरीज ३०० च्या आत राहते.

अक्षरं २२ पॉइंट, ओळींतलं अंतर ३४. देवनागरीला वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असल्याने इंग्रजीचं अंतर पुरत नाही. मुक्त (Mukta) किंवा बालू (Baloo) यांसारखा युनिकोड फाँट घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडा. नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आणि मूल शाळेत नेमकी हीच अक्षरं गिरवत असतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. छापखान्यातल्या ऑपरेटरने मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये बदलून घेतला असेल तर ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द आधी तपासा. तुटलेला ‘ऱ्य’ तिथेच सापडतो. मजकूर काळा असेल तिथे फक्त के १०० ठेवा. चार रंगांचा काळा किंचित सरकला तरी अक्षराला सावली येते. गडद आकाशावर पांढरी अक्षरं हवी असतील तर वजन मध्यम किंवा ठळक घ्या. बारीक अक्षरांचे अनुस्वार शाईत बुजतात, आणि ‘भूतं’चं ‘भूत’ झालं तर चादरी किती हलताहेत याचा घोळ होतो.

ओळ अर्थावर तोडा, एका ओळीत सहा-सात शब्दांहून जास्त नकोत. मजकूर कापाच्या आणि घडीच्या कडेपासून १२ मिलिमीटर आत ठेवा. पिनेच्या पुस्तकात मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगला तीच जास्त कापली जातात. पिनेची टोकं आतून सपाट दाबली आहेत का ते प्रत्येक प्रतीत बोट फिरवून बघा, प्रती पाच वर्षांच्या हातात जाणार आहेत. कोपरे गोल कापून मिळाले तर उत्तम.

५५ प्रतींचा हुकूम देण्याआधी एकच प्रत छापून घ्या, तीही त्याच कागदावर, आणि मुलीला वाचून दाखवा. पुस्तकाकडे न बघता तिच्या हाताकडे बघा. तुमचं वाक्य संपायच्या आत तिचा हात पान उलटायला गेला तर त्या पानावरचं शेवटचं वाक्य काढून टाका. उलटलेलं पान ती पुन्हा मागे घेऊन मेथीच्या काड्या शोधायला लागली तर त्या पानाला हात लावू नका.